अनोळखी माणसाला फोटो मागायचा कसा? नागपूरच्या रस्त्यांवरून, सुरुवातीपासून सगळं

इतवारीत एक मावशी उन्हाळ्यात माठ विकायला बसायच्या. मी तेव्हा नवीनच कॅमेरा घेतला होता, लांबची झूम लेन्स होती, आणि लांबून काढला की माणसं नॅचरल दिसतात असं डोक्यात पक्कं बसलेलं, म्हणून रस्त्याच्या पलीकडे एका दुकानाच्या पायरीवर उभी राहून मी त्यांचे धडाधड फोटो काढत होते. सातव्या-आठव्या फोटोत त्या थेट लेन्समध्ये बघत होत्या आणि बाराव्यात पदर तोंडावर होता. मी तिथून निघून गेले. घरी मोठ्या स्क्रीनवर बघितलं तर सगळ्यात शार्प फोटो तोच, पदर ओढलेला. पुढच्या रविवारी कॅमेरा बॅगेत ठेवून गेले, एक माठ घेतला आणि सांगितलं की मावशी, मागच्या वेळी फोटो काढणारी मीच होते. त्या म्हणाल्या, "मले वाटलं मनपावाली आहेस. अतिक्रमणवाल्यायले दाखवाले काढून रायली."

म्हणजे तो पदर लाजेचा नव्हताच, आपली जागा उठवतील या भीतीचा होता, आणि हे मला त्या झूम लेन्समधून जन्मात कळलं नसतं. त्याला आता नऊ वर्षं झाली. नोकरी सांभाळून बहुतेक रविवारी मी रस्त्यावर असते, इतवारी, महाल, बर्डी म्हणजे सीताबर्डी, गोकुळपेठ, आणि एक गोष्ट पक्की झाली आहे: तुम्ही कोण आणि या फोटोचं पुढे काय होणार, ही दोन उत्तरं समोरच्याला मिळाली की तो निवांत होतो, आणि माणूस निवांत झाला की मगच फोटोत काहीतरी येतं, कॅमेरा कितीचाही असो. नवीन पोरंपोरी मेसेज करून विचारतात की ताई तुम्हाला लोक हो कसं म्हणतात, म्हणून एकदाचं सगळं क्रमाने लिहिते.

आधी गल्ली ठरवा

सगळं शहर फिरू नका. एक गल्ली किंवा एक बाजार घ्या आणि किमान तीन महिने तिथेच जा. आपल्याकडे वारांच्या नावाचे भागच आहेत, इतवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी, त्यातला घराजवळचा कुठलाही चालेल. इतवारीचा फायदा असा की एकेका धंद्याची वेगळी ओळ आहे, त्यामुळे एका ओळीत चार जणांशी ओळख झाली की पाचवा स्वतःहून हाक मारतो. एकाच जागी परत परत दिसणारा माणूस लोकांना लवकर कळतो. एकदाच येऊन वीस फोटो काढून गेलेला माणूस मात्र कोणालाच आवडत नाही, आणि त्याच्यामुळे नंतर येणाऱ्यालाही नकार मिळतो, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे.

वेळ फार महत्त्वाची. नागपूर मुंबईच्या बरंच पूर्वेला आहे, इथे सूर्य तिथल्यापेक्षा साधारण पंचवीस मिनिटं आधी उगवतो, त्यामुळे मुंबईवाल्यांच्या व्हिडिओत सांगितलेल्या वेळा इथे धरू नका. मे महिन्यात साडेपाचच्या सुमारास सूर्य वर असतो आणि साडेआठनंतर उन्हाने चेहऱ्यावर कपाळाची आणि टोपीची काळी सावली पडायला लागते. शिवाय ४५ अंशांच्या उन्हात बसलेल्या माणसाला फोटोसाठी थांबवणं मला तरी बरोबर वाटत नाही. थंडीत दहापर्यंत आरामात काम होतं. कॉटन मार्केटला पहाटे जायचं असेल तर एक लक्षात ठेवा, माल उतरत असताना हमालाला थांबवणं म्हणजे त्याच्या मजुरीत हात घालणं, तो चहाला बसेपर्यंत तुम्हीही बसा.

सामान थोडकंच

फोन चालतो, अगदी छान चालतो. फक्त फोनचा मेन कॅमेरा बराच वाइड असतो, साधारण २४ ते २६ एमएमच्या तोडीचा, त्यामुळे चेहऱ्याच्या अगदी जवळ नेला तर नाक मोठं दिसतं आणि माणसाला स्वतःचाच फोटो आवडत नाही, म्हणून एक पाऊल मागे या किंवा दोन एक्सवर काढा. कॅमेरा असेल तर फुल फ्रेमवर, म्हणजे मोठ्या सेन्सरवर, ३५ एमएम, क्रॉप म्हणजे लहान सेन्सरवर २३-२४ एमएम, बस. एफ ८, शटर १/२५०, आयएसओ ऑटो, आणि सेटिंग घरूनच लावून निघा, कारण माणूस हो म्हणाल्यावर तुम्ही बटणं फिरवत बसलात की त्याचा चेहरा दगड होतो. कॅमेरा गळ्यात दिसेल असा ठेवा. शटरचा आवाज मी बंद करत नाही, तो ऐकू गेला पाहिजे असं माझं मत आहे. झूम लेन्स घरी ठेवा.

पहिली चक्कर कॅमेऱ्याशिवाय

निदान पहिल्या दिवशी तरी. तर्री पोहे खा, चहा प्या, चालत राहा, कोण कुठे बसतो, कोणाचं गिऱ्हाईक कधी कमी असतं ते बघा. प्रत्येक चौकात एक पानठेला असतो, सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटणारा माणूस दिवसभर तिथेच बसलेला, त्याला सगळ्या गल्लीची खबर असते, आणि गल्लीही नव्या माणसाबद्दल त्यालाच विचारते. त्याच्याशी आधी बोला. मी खर्रा खात नाही, पाण्याची बाटली घेते आणि सरळ सांगते की भाऊ, मी अशी अशी, इथे रविवारी येणार आहे, लोकांचे फोटो काढते, छापून देते. पंधरा दिवसांनी कोणीतरी मला "कोण हो तुम्ही?" असं विचारलं तेव्हा पलीकडून तोच ओरडला, "अबे फोटोवाल्या ताई आहेत त्या, काही नाही."

वस्तू घ्यायची असेल तर फोटोच्या आधी घ्या. फोटो झाल्यावर घेतली की ती मोबदल्यासारखी वाटते, आणि पुढच्या वेळी घेतली नाही तर दोघांनाही अवघडल्यासारखं होतं.

तोंड उघडून विचारणं

लोक इथेच अडतात. आधी भाषा. नागपुरात दोन मराठी माणसंसुद्धा कित्येकदा हिंदीत सुरू होतात, त्यामुळे समोरचा ज्या भाषेत बोलेल त्याच भाषेत बोला. नमस्काराचंही तसंच, समोरून जय भीम आलं तर जय भीम, राम राम आलं तर राम राम, सलाम आला तर सलाम. वयाने मोठ्या माणसाला काकाजी, बाईंना मावशी किंवा काकू, आपल्या वयाच्याला भाऊ किंवा दादा. "ओ" म्हणून हाक मारू नका, "एक्सक्यूज मी" तर नकोच.

दुसरं, कॅमेरा खाली. हात लावू नका त्याला. आणि फोटोचा विषय पहिल्या वाक्यात नको, आधी कामाचं विचारा, खरंच जाणून घ्यायचं असेल ते विचारा. मार्च लागला की रस्त्याच्या कडेला कूलरच्या जाळ्यांत वाळा आणि वुडवूल, म्हणजे लाकडाचे बारीक धागे, भरणारी माणसं बसतात, त्यातल्या एका दादांशी माझं बोलणं जवळपास असंच झालं होतं.

"दादा, ही जाळी किती दिवस चालते?"

"पाणी कसं आहे त्याच्यावर आहे. खारं असन त एकच सीझन."

"मी धंतोलीला राहते. रविवारी फोटो काढते, आवड म्हणून. तुमचे हात चालू असताना एक काढू का? पुढच्या रविवारी छापून आणून देते."

"कोणाचा, माह्या? माह्या कायले?"

"ही जाळी भरताना मी कधी कोणाला बघितलेलं नाही, घरी फक्त लावलेला कूलर दिसतो."

"काढा मंग. शर्ट घालू का?"

बघा, यात चार गोष्टी सांगून झाल्या: मी कुठली, कशासाठी काढते, नेमका काय फोटो हवा आहे, आणि त्याला त्यातून काय मिळणार. हे सांगायला पंधरा सेकंदसुद्धा लागत नाहीत. "तुमचा चेहरा खूप छान आहे" असलं काही बोलू नका, विशेषतः पुरुष फोटोग्राफरने बाईला तर अजिबात नाही. हाताचं, कामाचं, दुकानाच्या मांडणीचं कौतुक करा, तेही वाटलं तरच.

लोक उलट प्रश्न विचारतात आणि विचारलेच पाहिजेत. कायले पाहिजे? पेपरात येते का? मोबाईलवर टाकता का? याचे पैसे भेटते का तुमाले? चौथा प्रश्न सगळ्यात रास्त आहे. मी खरं तेच सांगते, की पैसे मिळत नाहीत, इन्स्टावर टाकायचा असेल तर तुम्हाला विचारून टाकीन, आणि कधी प्रदर्शनात लागला तर येऊन सांगीन. जे करणार नाही ते बोलू नका, कारण तीन महिने त्याच गल्लीत जायचं आहे. हल्ली लोकांच्या मनात व्हायरल होण्याची भीती जास्त आहे, "रील बनवून रायले का?" हे मला कॅमेऱ्यापेक्षा फोन हातात असताना जास्त ऐकू येतं. अशा वेळी फोन त्यांच्याच हातात द्या, स्क्रीनवर काय दिसतं ते बघू द्या.

हो म्हटल्यावर

पहिला फोटो ते जसे उभे राहतील तसाच काढा. माणूस केस नीट करतो, हात खाली सोडून ताठ उभा राहतो, हसू पुसून टाकतो. तो त्याला हवा असलेला फोटो आहे आणि प्रिंट बहुतेक वेळा त्याचीच द्यावी लागते. नवीन मुलं म्हणतात की काका नॅचरल राहा ना, हे बोलू नका, त्याने माणूस अजून आखडतो. तो फोटो झाला की थँक्यू म्हणून कॅमेरा छातीपर्यंत खाली घ्या आणि कामाचा पुढचा प्रश्न विचारा. तो उत्तर देता देता परत कामाला लागतो, तेव्हा दुसरा, तिसरा.

उजेडाचं एक सांगते जे मला फार उशिरा कळलं. बाजारात निळी आणि पिवळी ताडपत्री असते आणि तिच्याखाली बसलेल्या माणसाचा चेहरा निळा किंवा कावीळ झाल्यासारखा पिवळा येतो. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये काढला तर थोडंफार सावरता येतं, पण सगळ्यात सोपं म्हणजे त्यांना ताडपत्रीच्या काठाशी, जिथे बाहेरचा उजेड येतो तिथे दोन पावलं सरकायला सांगणं, आणि तेही गिऱ्हाईक नसेल तरच. रापलेल्या, सावळ्या चेहऱ्याला पांढरा सदरा असेल तर कॅमेरा सदऱ्याकडे बघून फसतो आणि चेहरा काळा पडतो, तेव्हा फोनवर बोटाने चेहऱ्यावर टॅप करा, कॅमेऱ्यात एक्सपोजर थोडं वर घ्या. लोकांचे चेहरे नंतर गोरे करत बसू नका. मला याचा खरंच राग येतो, त्या माणसाने तुम्हाला त्याचा चेहरा दिला आहे, तो तसाच परत द्या.

गिऱ्हाईक आलं की बाजूला व्हा, न सांगता. सगळं मिळून दोन-तीन मिनिटांच्या वर नको. शेवटी स्क्रीन दाखवा, दोघं मिळून एखादा निवडा, जो नको म्हणतील तो तिथेच उडवा.

न विचारता कधी काढायचा

प्रत्येक फोटो विचारून काढता येत नाही आणि काढूही नये, नाहीतर रस्ता रस्त्यासारखा दिसणारच नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, काळी आणि पिवळी, सोबत बडगे नावाचे पुतळे, "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" म्हणत हजारो लोक इतवारीच्या रस्त्यांवर, तिथे कोणाकोणाला विचारणार? ते लोक दिसण्यासाठीच आलेले असतात. त्याच दिवशी तान्हा पोळा, लहान मुलं नटूनथटून लाकडी नंदी घेऊन बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागायला निघतात, तिथे मात्र सोबतच्या आई-आजीला एक वाक्य विचारायचंच, बहुतेक वेळा त्याच म्हणतात थांबा, टोपी नीट करते याची.

माझा नियम सोपा आहे. गर्दी असेल, चेहरे लहान असतील, सण असेल तर काढते. एकच माणूस असेल आणि चेहरा ओळखू येत असेल तर आधी विचारते, आणि क्षण निसटेल म्हणून आधी काढलाच तर लगेच जवळ जाऊन दाखवते, नको म्हटलं तर उडवते. काढून पाठ फिरवून चालायला लागायचं नाही.

दीक्षाभूमीबद्दल वेगळं लिहिते. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी इथे धम्मदीक्षा घेतली, आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लाखो लोक खेड्यापाड्यांतून येतात, कित्येक जण रात्रीच्या प्रवासाने दमून मैदानात, फुटपाथवर झोपलेले असतात, बाया नळावर अंघोळीच्या, कपडे धुण्याच्या गडबडीत असतात. हे फोटो काढू नका. दरवर्षी कोणीतरी काढतं आणि "गर्दी" असं कॅप्शन देऊन टाकतं, मला ते बघवत नाही. ही माणसं आपल्या खर्चाने, आपल्या श्रद्धेने आलेली असतात, पुस्तकं घेऊन परत जाणार असतात. त्याऐवजी हे करा: अख्खं कुटुंब मागे स्तूप घेऊन एकमेकांचे फोटो काढत असतं आणि नेहमी एक जण फोटोबाहेर राहतो. "दादा, मी काढून देऊ का सगळ्यांचा?" असं विचारा, त्यांच्याच फोनवर काढून द्या, नीट काढून द्या, स्तूपाचा कळस कापू नका. मग ते स्वतःच म्हणतात की तुमच्या कॅमेऱ्यातही घ्या एक.

नकार कसा ओळखायचा

आपली माणसं तोंडावर नाही फार कमी वेळा म्हणतात. "राहू द्या ना", "नंतर या", "मालक नाही आहे", "माह्या काय काढता, त्याचा काढा" हे सगळे नकारच आहेत. हसून मान वळवणं हा नकार आहे. खाली बघत "हाव", म्हणजे हो, म्हणणं हाही नकार आहे, विशेषतः तुम्ही इंग्रजी वळणाचं बोलत असाल आणि तो तुम्हाला साहेब किंवा मॅडम म्हणत असेल तर, कारण साहेबाला नाही कसं म्हणायचं हा त्याचा प्रश्न असतो. अशा वेळी मीच म्हणते, "नाही तर राहू द्या काकाजी, काही हरकत नाही," आणि मनापासून म्हणते, आणि थांबते. खरंच चालत असेल तर ते म्हणतात, नाही नाही, काढा. नाही म्हटल्यावर एकदाही आग्रह करायचा नाही, नमस्कार करून दोन मिनिटं इकडचं तिकडचं बोलून निघायचं.

बाईला विचारलं आणि उत्तर शेजारच्या पुरुषाने दिलं तर ते उत्तर धरू नका, परत तिच्याकडे बघून विचारा. उन्हाळ्यात स्कूटीवरच्या मुली पूर्ण चेहऱ्याला दुपट्टा बांधून असतात, दिसतंय काय त्यात, असं म्हणून बिनधास्त काढणारे बघितले आहेत. दुपट्टा उन्हासाठी आहे, तुम्हाला परवानगी म्हणून नाही. सरकारी दवाखान्यांच्या बाहेर नातेवाईक फुटपाथवर दिवस काढतात, तिथे मी कॅमेरा बाहेरच काढत नाही. रस्त्यावर राहणाऱ्या, भीक मागणाऱ्या मुलांचेही नाही. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करता येत नाही, पण कायदा नसता तरी मी काढला नसता.

कायदा, थोडक्यात

सार्वजनिक रस्त्यावर फोटो काढायला सरसकट बंदी नाही. पण २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निकाल दिला आहे, आणि भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ आहे, १ जुलै २०२४ पासून लागू, बाईच्या खासगी क्षणाचं चित्रण करणं किंवा पसरवणं हा गुन्हा आहे. जाहिरातीसाठी, विक्रीसाठी कोणाचा चेहरा वापरणार असाल तर लेखी संमतीपत्र घ्या, आणि ते मराठीत किंवा हिंदीत असू द्या, वाचून दाखवून मग सही घ्या. सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, वायुसेनानगरच्या बाजूलाही बोर्ड लावलेले आहेत, तिथे कॅमेरा बॅगेत. रेल्वे स्टेशन आणि मेट्रोमध्ये आधी विचारा. मंदिर, दर्गा, विहार कुठेही असो, आत काढायचं असेल तर तिथे बसलेल्या माणसाला विचारूनच.

बिनसलं तर

बिनसतं कधीतरी. एकदा एका गल्लीत मी भिंतीवरच्या जुन्या रंगाचा फोटो काढत होते आणि फ्रेमच्या कोपऱ्यात एका घराचं दार होतं, आतून एक माणूस धावत आला आणि त्याने माझ्या बॅगेचा पट्टाच धरला. दोन मिनिटांत पंधरा जण जमले. प्रत्येक जण वेगळं बोलत होता, कोणी म्हणे विमावाली, कोणी म्हणे बिल्डरची माणूस. मी तेव्हा केलं ते असं, आणि अजूनही तेच करते: आवाज खाली, कॅमेरा बंद करून खाली, पळायचं नाही, इंग्रजी नाही, कायदा नाही. जो सगळ्यात वयस्कर दिसतो त्याच्याकडे वळायचं आणि फक्त त्याच्याशी बोलायचं. "काकाजी, तुम्ही बघा, यात काय आहे ते, नको असेल तर तुमच्यासमोर काढून टाकते." त्यांनी बघितलं, मी उडवला, पट्टा सुटला. नंतर कळलं की त्या घराचा जागेवरून वाद चालू होता, म्हणजे पुन्हा तीच भीती, माठवाल्या मावशींची.

उडवताना खरं उडवा. बहुतेक फोनमध्ये डिलीट केलेला फोटो ३० दिवस तरी ट्रॅशमध्ये पडून असतो, आणि हे आता लोकांनाही माहीत आहे, तेव्हा ट्रॅश उघडून तिथूनही काढून दाखवा. कॅमेऱ्यात दोन कार्ड असतील तर दोन्हीवरून. कुठल्याही फोटोपेक्षा त्या गल्लीत परत जाता येणं जास्त मोलाचं आहे.

पोलिसांनी हटकलं तर ओळखपत्र दाखवा, काढलेले फोटो दाखवा, बहुतेक वेळा तेवढ्यावर संपतं. मुलींसाठी: पहिले काही रविवार मैत्रिणीसोबत जा, लोकेशन घरी शेअर करून ठेवा, फोन नंबर कोणाला देऊ नका, इन्स्टाचा आयडी द्या. कोणी मागे मागे यायला लागला तर ओळखीच्या ठेल्यावर जाऊन थांबा, आणि गरज वाटली तर ११२ लावायला लाजू नका. एकच गल्ली धरा म्हणते त्यामागे हेही एक कारण आहे, मला तिथे हाक मारायला माणसं आहेत.

पैसे मागितले तर

मी फोटोचे पैसे देत नाही, कारण एकाला दिले की गल्लीतल्या बाकीच्यांशी बोलणंच बदलतं. पण कोणी काम थांबवून अर्धा तास दिला तर तो त्याचा वेळ आहे, त्याचे द्यायलाच पाहिजेत, आधी ठरवून. हे दोन वेगळे ठेवा.

प्रिंट

आता सगळ्यात महत्त्वाचं. छापून देते म्हणालात ना, मग द्याच. चार बाय सहाची प्रिंट घ्या, मॅट, घामाच्या बोटांचे डाग कमी दिसतात, आणि प्लास्टिकच्या पाकिटात घालून द्या, ठेल्यावर धूळ-पाणी असतं. फोनवाल्यांनी एक लक्षात ठेवा, फोनचा फोटो चारास तीन असतो आणि प्रिंट सहास चार, म्हणजे उभ्या फोटोत डावी-उजवी बाजू आणि आडव्यात वरची-खालची बाजू कापली जाते. माझ्या पहिल्या प्रिंटमध्ये एका काकांची टोपीच कापली गेली होती आणि त्यांना त्याच टोपीचं कौतुक होतं. फोटो काढतानाच चारी बाजूंनी जागा सोडा, किंवा लॅबला सांगा की न कापता पांढरी बॉर्डर ठेवा.

फोटो झाल्याबरोबर बाजूला जाऊन फोनमध्ये व्हॉइस नोट ठेवा: कुठल्या दुकानाशेजारी, कोणत्या रंगाचा शर्ट, काय विकतात, नाव सांगितलं असेल तर नाव. चार रविवारांनी तुम्हाला काहीही आठवत नाही. प्रिंटच्या मागे तारीख आणि जागा लिहा, बॉलपेनने नाही, मार्करने, पेनचा दाब पुढून उमटतो.

देताना घाई करू नका. लोक प्रिंट आधी स्वतः बघतात, मग शेजाऱ्याला दाखवतात, शेजारी काहीतरी बोलतो, मग ती उलटी करून तारीख वाचतात. कूलरवाल्या दादांनी प्रिंट बघून आधी विचारलं की याचे किती झाले, आणि मी काही नाही म्हटल्यावर त्यांनी मला बसायला जाळीच उलटी करून दिली. शेवटी शर्ट घालूनच काढला होता आम्ही. त्या दिवशी पुढचा तास मी एकही फोटो काढला नाही आणि त्यांनी मला वाळा कुठून येतो, खऱ्या आणि भेसळीच्या वाळ्याचा वास कसा ओळखायचा ते सगळं सांगितलं.

माठवाल्या मावशींचा पदरवाला फोटो मी छापला नाही, कुठे टाकलाही नाही. त्यांचा दुसरा दिला, माठाला बोटाने टणटण वाजवून दाखवतानाचा. तो घेऊन त्या म्हणाल्या, "आता अतिक्रमणवाले आले त हाच दाखवतो, मी किती वर्षांपासून बसतो इथं ते." म्हणून आता रस्त्यावरच्या विक्रेत्यांच्या प्रिंटवर तारीख न विसरता घालते, आणि मागे दिसणारी दुकानाची पाटी फ्रेममध्ये ठेवते.

सगळे सापडतात असं नाही. कोणी गावाला गेलेला असतो, कोणाची जागा बदलते, हमाल तर आज इथे उद्या कळमन्याच्या बाजारात. अशांच्या प्रिंट मी पानठेल्यावर ठेवते. तिथे आता माझं एक कायमचं पाकीट आहे, सुपारीच्या डब्यामागे, आणि येणारे-जाणारे खर्रा घोटून होईपर्यंत ते काढून आपला फोटो आला का बघतात, दुसऱ्याचा दिसला तर सांगतात, हा त अमक्या गल्लीतला आहे, द्या इकडे, मी नेऊन देतो.